‘डोरियन म्हणजे सी मेजरच’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डोरियन या पाश्चात्त्य स्वरमालिकेच्या गिटारवरच्या सरावाबद्दल मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी इथे देतो: “वेळ फुकट गेला. डोरियन म्हणजे सी मेजरच, फक्त डी पासून सुरू करायचं. एका ओळीत संपणाऱ्या गोष्टीचं पुराण कशाला? काफी हा थाट आहे, राग म्हणून काय लिहिता? टॅब नाही, बीपीएम नाही. एका तारेवर दोन आठवडे घासून कुणाची बोटं तयार होतात?” (नवख्यांसाठी: सी, डी ही सुरांची पाश्चात्त्य नावं, सी मेजर म्हणजे सी पासून सुरू होणारी स्वरमालिका, टॅब म्हणजे कुठल्या तारेवर कुठल्या फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या खणात, बोट ठेवायचं ते दाखवणारं लेखन, बीपीएम म्हणजे मिनिटाला किती ठोके.)

आधी काफीचं. तुमचं बरोबर आहे. ग आणि नी कोमल, बाकी सगळे शुद्ध, एवढ्या सुरांपुरतं डोरियन आणि काफीचं साम्य मला सांगायचं होतं, म्हणजे थाटच (नुसता सुरांचा संच) म्हणायला हवं होतं. राग म्हटलं की चलन आलं, वादी-संवादी आले, आणि त्यांचा त्या लेखाशी संबंध नव्हता. चूक माझी. ओळ दुरुस्त केली आहे.

पण त्यासाठी “काय लिहिता?” असं दरडावायची गरज होती का? “इथे थाट हवं” एवढंच लिहिलं असतं तरी मी तितक्याच लगेच बदललं असतं. तो लेख लिहायला मला तीन रविवार लागले. त्यातला प्रत्येक सराव गिटार मांडीवर घेऊन आधी वाजवून पाहिला आणि मगच लिहिला. त्याला कुणी ‘पुराण’ म्हटलं की लागतं, आणि लागलं हे लपवायचं मला काही कारण दिसत नाही. शिवाय अशी भाषा वाचून नुकतीच गिटार हातात घेतलेली पोरं प्रश्न विचारायलाच कचरतात. त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता तुमचं मुख्य वाक्य. दोन्हीकडे सूर तेच आहेत, हे मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय. त्यापुढे तुम्ही वाचलं नसावं, कारण तेवढ्यावरच थांबलं की काय घोटाळा होतो हाच त्या लेखाच्या पुढच्या भागाचा विषय आहे.

मी स्वतः याच वाक्यावर शिकलो. सोळा वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे जात होतो त्यांनी सी मेजरचे सात शेप, म्हणजे दांडीवरच्या बोटांच्या ठरलेल्या मांडण्या, पाठ करून घेतले आणि सांगितलं, दुसरा शेप म्हणजे डोरियन. वर्षभर घोटले. वेग आला, बोटं स्वच्छ पडायला लागली, मला वाटलं डोरियन आलं. मग एका तालमीत बास वाजवणाऱ्याने डी धरून ठेवला आणि मी सोलो सुरू केला. थोड्या वेळाने त्याने तारांवर हात ठेवून बास बंद केला आणि म्हणाला, “तू दर वेळी सी वर येऊन थांबतोयस. आम्ही डी वर आहोत.” एकही सूर चुकला नव्हता, तरी सगळं चुकलं होतं. बोटांना सी कडेच परतायची सवय लागली होती, कारण वर्षभर मनात सी मेजरच होतं. ती सवय मोडायला पुढची दोन वर्षं गेली. ‘एका ओळीत संपणारी गोष्ट’ मला केवढ्याला पडली ते एवढ्यासाठी सांगतोय.

म्हणून त्या लेखात एक तार आणि एक ड्रोन, म्हणजे सतत घुमणारा एकच सूर, आहे. तुम्ही ज्याला घासणं म्हणता ते नेमकं काय आहे ते परत सांगतो. चौथी तार मोकळी छेडा, तो डी. तो घुमत असतानाच तिसऱ्या तारेवर तिसरा फ्रेट दाबा. हा बी फ्लॅट, डी च्या नॅचरल मायनरचा (नेहमीच्या मायनर स्वरमालिकेचा) सहावा सूर. तो जड वाटतो, खाली दुसऱ्या फ्रेटवरच्या ए वर उतरायला बघतो. आता डी पुन्हा छेडून बोट एकच फ्रेट पुढे सरकवा, चौथ्यावर. हा बी. गंभीरपणा तसाच राहतो, पण आत उजेड येतो, आणि तो सूर खाली ओढला जात नाही. मायनर आणि डोरियन यांच्यात फरक आहे तो एवढा, एका अर्ध्या स्वराचा. डी मायनरनंतर जी मेजर वाजवली की हाच बी कॉर्डमध्ये येतो, जी मायनर वाजवली की बी फ्लॅट येतो. तुम्हाला हा फरक ऐकू येत नसेल तर दोष लेखाचा नाही.

आणि तुमची युक्ती डी ला सोपी पडते, पण उद्या कुणी एफ शार्प डोरियन म्हटलं तर? आधी ई मेजर शोधायचं, मग त्याचा दुसरा सूर, मग वाजवायचं. तोवर चार बार (तालाचे चार खंड) निघून जातात. त्यापेक्षा मायनर घ्या, सहावा सूर अर्धा स्वर चढवा, झालं.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची १९५९ ची ‘सो व्हॉट’ ही रचना घ्या. ३२ बारांच्या आवर्तनात २४ बार डी डोरियन आणि मधले ८ बार ई फ्लॅट डोरियन. तुमच्या हिशोबाने तिथे सी मेजर वाजतं आणि मध्येच डी फ्लॅट मेजर येतं. ऐकून तसं म्हणणारा वादक मला तरी भेटलेला नाही.

टॅबमुळे डोळे कागदावर जातात आणि कान बंद होतात, म्हणून टॅब दिली नाही, देणारही नाही. बीपीएम आणि बोटांची तयारी हा त्या लेखाचा विषयच नव्हता.

तिसरा आणि चौथा फ्रेट मोकळ्या डी वर दहा मिनिटं आलटून पालटून वाजवा. त्यानंतरही तुम्हाला सी मेजरच ऐकू आलं तर तसं लिहा, मी ते जसंच्या तसं ठेवीन. फक्त या वेळी वाजवून झाल्यावर लिहा.