लेवीय २५ दहाव्या वचनावर संपत नाही

आमच्या मंडळीच्या तरुण संघात एक मेसेज फिरतोय. भाचीने तो मला पाठवून विचारलं, "मामा, हे बरोबर आहे ना?" नाही, अजिबात नाही. मेसेज म्हणतो: बायबलमधली गुलामी म्हणजे कर्ज फेडायला केलेली चाकरी, सहा वर्षांनी सुटका, नाहीतर योबेल वर्षी (दर पन्नासाव्या, मुक्ततेच्या वर्षी), जगातली गुलामगिरी ख्रिस्ती लोकांनीच संपवली, म्हणून मोशेचं नियमशास्त्र आज कायदा म्हणून आणावं.

सुटकेचं आधी घेतो, कारण तिथे सरळ फसवणूक आहे. मेसेजमध्ये बायबलच्या लेवीय पुस्तकातलं २५:१० दिलंय, देशातल्या सगळ्यांना मुक्तता जाहीर करा. त्याच अध्यायातली ४४ ते ४६ वचनं मात्र गायब. तिथे लिहिलंय की सभोवतालच्या राष्ट्रांतले दास-दासी विकत घ्या, मुलांना वारसा म्हणून द्या, ते कायमचे दास; इस्राएली भाऊबंदांशी मात्र कठोरपणे वागू नका. म्हणजे योबेल आपल्या माणसांसाठी, परक्यांसाठी नाही. सहा वर्षांचा नियमही इब्री, म्हणजे इस्राएली दासाचाच (निर्गम २१). त्यातही बायको धन्याने दिलेली असेल, तर बायको-मुलं धन्याकडे ठेवून त्याने एकट्याने निघायचं. त्यांना सोडून जाववत नसेल तर दाराच्या चौकटीशी उभं करून आरीने कान टोचायचा, आणि मग तो जन्माचा दास. चाकराची लेकरं कधी मालकाची होतात का? पुढे तर मार खाल्लेला दास एक-दोन दिवस जगून मेला तर धन्याला शिक्षा नाही, कारण दास हे त्याचं धन. हे वाचूनही कुणी 'चाकरी' म्हणत असेल तर मला त्याची चीड येते.

एवढं मान्य करतो की माणूस पळवून विकणाऱ्याला तिथे मरणदंड आहे आणि पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नका, असंही अनुवाद २३ मध्ये आहे. पळालेले गुलाम धन्याला परत द्यायला लावणारा अमेरिकेचा १८५० चा कायदा याच्या नेमका उलट होता, आणि बायबल हातात धरणाऱ्या कितीतरी मळेवाल्यांना तोच हवा होता.

ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेला खासदार विल्बरफोर्स ख्रिस्ती होता, खरंय. पण त्याच्याविरुद्ध उभे राहिलेले बहुतेक लोकही चर्चला जाणारेच होते. अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांचा संघ सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन १८४५ मध्ये वेगळा निघाला तो गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमण्याच्या वादावरून. माफी मागितली १९९५ मध्ये. १८०७ मध्ये लंडनला वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी निवडक बायबल छापलं, त्यातून मिसरातल्या गुलामीतून इस्राएलींच्या सुटकेची गोष्टच काढली होती. नको ती वचनं गाळायची ही खोड तेव्हापासूनची आहे.

राहिला कायदा. विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर मोशेच्या नियमशास्त्राचं जू लादायचं नाही, हे यरुशलेमच्या सभेत प्रेषितांनीच ठरवलं (प्रेषितांची कृत्ये १५). तरीही तो आणायचाच असेल, तर ४४ ते ४६ ही वचनं त्यात असणार की नाही, हे आधी सांगा. असतील तर इस्राएली नसलेले आपण मराठी ख्रिस्ती त्या कायद्यात विकत घेता येणाऱ्यांतच मोडतो.