एक स्टार रिव्ह्यूला उत्तर : "गणपतीला सांगून दिवाळी झाल्यावर दिला"

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू वाचला. नवीन ऑफिसच्या पूजेला तुम्ही माझ्याकडून बनवून घेतलेलं ट्रकचं छोटं मॉडेल टेबलावर नव्हतं याबद्दल मनापासून सॉरी, आणि थोरल्या मालकांना, म्हणजे तुमच्या पप्पांना, वाईट वाटलं असेल तर त्यांचीही माफी मागतो.

पण तुम्ही जे लिहिलंय, की "गणपतीला देतो म्हणून दिवाळी झाल्यावर दिला, पैसे घेऊन नुसतं फिरवतात, रेडिमेड खेळण्याला रंग मारून चाळीस हजार लावले, शोकेसमध्ये बसत पण नाही आणि मालक उद्धट आहे", त्यातलं बाकीचं मी गिळलं असतं. पण गणपती-दिवाळीचं वाक्य तुम्ही अर्धंच लिहिलंय आणि वाचणाऱ्याला तेवढंच दिसणार, म्हणून सगळं सांगालोय. लांब होईल, होऊ दे.

तुमची ऑर्डर होती पीटरबिल्ट ३५९, १/२५ स्केल (खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढं), लाल कॅब, दारावर तुमच्या ट्रान्सपोर्टचं नाव पांढऱ्या अक्षरात, व्हायझरवर "श्री सिद्धेश्वर प्रसन्न", पुढं एमएच १३ ची नंबरप्लेट आणि मागं ५३ फुटी ट्रेलर, त्याच्या दारावर "हॉर्न ओके प्लीज". मला ही ऑर्डर लई आवडली होती. १९६७ ते ८७ पर्यंत निघालेला अमेरिकेचा लांब नाकाचा ट्रक आणि त्याच्यावर आपल्या सिद्धेश्वराचं नाव, असं काम रोज येत नाही. पोळ्याच्या आसपास कॅबचा लाल रंग, डिकल (चिकटवायची छापील अक्षरं), वरचा पारदर्शक क्लिअर कोट सगळं झालेलं होतं. मी व्हिडिओ पाठवला, तुम्ही थम्सअप टाकला. राहिलं होतं ते फक्त कॅब चेसिसवर बसवायची आणि लाइटचं वायरिंग. गणपतीला आरामात झाला असता. आणि मग तुमचा फोन आला, पप्पा म्हणतात नवीन गाड्या सगळ्या क्रीम कलरमध्ये घेतल्यात तर हा पण क्रीम करा, नुसता वरून एक हात मारा.

इथंच सगळं आहे सर. लालवर क्रीम एका हातात होत नाही, मोठ्या ट्रकच्या बॉडीवर होत नाही आणि मॉडेलवर तर अजिबात नाही. लाल रंगातलं पिगमेंट वरच्या फिकट रंगात चढतं, कच्च्या रंगाची चादर पांढऱ्या शर्टाबरोबर भिजत घातली की होतं तसं. आज क्रीम दिसला असता आणि थोड्या दिवसांनी गुलाबी झाक आली असती, मग तुम्हीच फोटो टाकला असता. म्हणून जुना रंग काढावाच लागतो. तो थिनरमध्ये बुडवून काढता येत नाही, कारण मॉडेलचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं, लॅकर थिनरमध्ये रंगाबरोबर प्लास्टिक पण विरघळतं. सपाट जागेवर पाणी पेपर मारायचा, पण ३५९ ची कॅब म्हणजे ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून जोडलेली, मॉडेलवर ते रिव्हेट खसखशीपेक्षा बारीक उठवलेले आहेत, पेपर मारला की साफ जातात. तिथं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रश घेऊन एकेक रिव्हेट सांभाळत बसलो. पाणी पेपरला पाणी लागतं आणि आमच्या भागात नळ चार-पाच दिवसाआड येतो हे तुम्हाला पण माहिती आहे, सोलापूरचेच आहात.

रंग काढल्यावर आधी सिल्व्हरचा एक थर, कुठं लाल राहिला असेल तर तो खालीच अडकून राहावा म्हणून, मग पांढरा प्रायमर, मग क्रीमचे पातळ पातळ थर. एकदम जाड मारला की दाराच्या फटी बुजतात. बरं, कॅब क्रीम झाली म्हणजे त्याच्यावर पांढरी अक्षरं दिसणार नाहीत, म्हणजे डिकल पण सगळे नवीन, मरून रंगात. पहिले पांढरे डिकल मी मुद्दाम बाहेरून पांढऱ्या टोनरवर छापून आणले होते कारण आपल्या साध्या प्रिंटरला पांढरा रंगच नसतो, ते सगळे वाया गेले. माझा मूळ धंदा रेडियम आणि नंबरप्लेटचा, प्लॉटर (रेडियमची अक्षरं कापायचं मशीन) घरचाच आहे, पण "सिद्धेश्वर" मधला "द्धे" तीन मिलिमीटरच्या अक्षरात प्लॉटरवर कापला की तुटतो. देवाचं नाव तुटक लावायचं नाही हे माझं पक्कं आहे, म्हणून मरून डिकल पण परत छापून आणले.

आणि हे सगळं आलं सप्टेंबरमध्ये. आपल्याकडं जून-जुलैला पाऊस नुसता हूल देतो आणि खरा पडतो तो सप्टेंबरात. हवेत दमटपणा असताना लॅकरचा क्लिअर मारला की तो धुरकट होतो, कारण थिनर भराभर उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं आणि त्या गार जागेवर हवेतलं पाणी बसून थराखाली अडकतं. काचेसारखी दिसायची कॅब दुधाळ दिसते. उन्हाळ्यात उलटा त्रास, मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला एअरब्रशमधून (रंगाच्या बारीक फवाऱ्यातून) निघालेला रंग कॅबपर्यंत पोचायच्या आधीच वाळतो आणि वर खरखरीत पावडर बसते, तेव्हा आम्ही सावकाश सुकणारं थिनर घालून पहाटे काम करतो. ज्याला रंगाचं काम माहिती आहे त्याला हे सांगायला लागत नाही. मी कोरडी हवा येईपर्यंत थांबलो. मारून मोकळा होऊन दसऱ्याला देता आला असता, पण तो ट्रक तुमच्या ऑफिसात माझ्या नावानं उभा राहणार होता.

क्रीम करायचा तर गणपती विसरा, दिवाळी धरा, हे मी तुम्हाला फोनवर पण सांगितलं आणि व्हॉट्सॲपवर पण लिहिलं, तुमचं "चालेल" आलेलं आहे. रंग बदलल्याचा एक रुपया जास्त घेतलेला नाही, मागितला पण नाही. ते रिव्ह्यूत कुठंच नाही, हे जास्त लागलं.

रेडिमेड म्हणालात. एएमटी या मॉडेल कंपनीचं किट येतं ते फ्रेमला चिकटलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यांचं, कापायचे, घासायचे, चिकटवायचे. त्यात ट्रेलर ४० फुटीच होता. तुम्हाला ५३ पाहिजे होता म्हणून दोन ट्रेलरची किटं कापून जोडली, १३ फूट वाढवायचे म्हणजे २५ नं भागून जवळजवळ १६ सेंटिमीटर, आणि सांध्यावर पट्ट्या एका ओळीत आल्या पाहिजेत. कॅबच्या मागून ट्रेलरला जाणारे ब्रेकच्या हवेचे दोन पाइप, एक लाल एक निळा, खऱ्या गाडीला असतात तसेच आहेत, ते किटमध्ये येत नाहीत, हातानं केलेत. तुमचे ड्रायव्हर लोक बघतील तर लगेच ओळखतील. राहिली किंमत, तर स्केल मॉडेल कस्टमवाले (आयात कर घेणारे) खेळण्यातच धरतात आणि खेळण्यावरची आयात ड्युटी २०२० च्या बजेटला २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ ला ७०. तीन किटं बाहेरून आली. वरच्या पैशात मजुरी किती उरली ते तुम्ही धंदेवाले आहात, काढा हिशोब.

पप्पांचं म्हणणं होतं की नाक फार लांब केलंय. मी केलेलं नाही, त्या गाडीचं इंजिन ड्रायव्हरच्या पुढं असतं, आपल्या हायवेवरच्या सपाट तोंडाच्या गाड्यांत ते सीटखाली जातं. तिकडं अमेरिकेत गाडीच्या लांबीचे नियम १९८२ च्या कायद्यानं सैल झाले तेव्हापासून लांब नाकवालेच जास्त चालले.

शोकेसचं तर मला खरंच कळलं नाही. ५३ फूट भागिले २५ म्हणजे ट्रेलर एकटा साडेचौसष्ट सेंटिमीटर, पुढची ओढणारी गाडी धरून पावणेतीन फूट, हे ऑर्डर घेतानाच कागदावर लिहून दिलं होतं आणि ४० फुटीच ठेवा, अडीच फुटाच्या शोकेसमध्ये छान बसतो असं सुचवलं पण होतं. तुम्ही म्हणालात शोकेस मोठं करून घेतो.

उद्धटपणाचं एवढंच, की न्यायला आलात तेव्हा बरोबरच्या मुलानं सायलेन्सरचे उभे पाइप धरून गाडी उचलली आणि मी जोरात "हात लावू नको" म्हणालो. आवाज चढला असेल. ते पाइप काळ्या ग्लॉसवर क्रोम मारून केलेले असतात, बोट लागलं की चमक जाते ती पुसून येत नाही, परत मारावं लागतं. रिव्ह्यूतल्या फोटोत पाइपवर जो डाग दिसतो तो तोच आहे. लहान मूल आहे, त्याला मी काही म्हणत नाही, पण फोटो टाकून "फिनिशिंग खराब" लिहिलंत ते बरोबर नाही.

माझे वडील कारखान्यात मागावर होते, तो बंद पडला, मी अक्कलकोट नाक्याला ट्रकवर नावं रंगवत रंगवत इथपर्यंत आलो. मॉडेलच्या ऑर्डरी बाहेरच्या गावाहून येतात, पुण्याहून, बेंगळुरूहून, ते लोक दुकान बघत नाहीत, इथले स्टार बघतात. तुमचा रिव्ह्यू आल्यावर एकानं ॲडव्हान्स परत मागितला आणि मी दिला. दुसऱ्यानं फोन करून विचारलं की खरंच फिरवता का. काय सांगायचं त्याला.

इथून पुढं रंगाचं लेखी घेणार आहे, तारखेचं पण काहीतरी नीट बसवतो, आणि नेताना कुठं धरायचं त्याचा कागद बरोबर देऊ.

पाइपचं क्रोम मी परत मारून देतो, पैसे नाहीत, गाडी खोक्यातच घालून आणा आणि ट्रेलर धरून उचलू नका, चेसिस धरा. मंगळवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही संध्याकाळी सातपर्यंत आहे. स्टार एकच ठेवायचा असेल तर ठेवा सर, फक्त "पैसे घेऊन फिरवतात" हे तेवढं काढा आणि रंग मध्येच बदलला होता एवढं एक वाक्य घाला.