मोठा जिताडा म्हणजे म्हातारा नर? उलट आहे

गळ टाकणाऱ्यांमध्ये एक संदेश फिरतोय: ‘जिताडा मुळात नदीतला मासा, अंडीही गोड्या पाण्यातच घालतो. भक्ष्याच्या मागे दिवसभर भटकतो. आणि मोठे जिताडे म्हणजे म्हातारे नर, त्यांचं काम संपलेलं, खुशाल काढा.’

नदीत जिताडा सापडतो, हे खरं. पण त्याची अंडी गोड्या पाण्यात जगतच नाहीत. विणीसाठी तो खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात येतो. पावसाळ्याच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे मादी अंडी सोडते आणि भरती ती आत ढकलते. पिल्लं कांदळवनात, खाजणात वाढतात. पुढे त्यातली काही नदीत चढतात, काही मात्र आयुष्यभर खारं पाणी सोडत नाहीत. हे कळतं त्यांच्या कानातल्या इवल्याशा खड्यावरून. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य नदीच्या पाण्यापेक्षा जास्त असतं आणि खड्याच्या थराथरात त्याची नोंद राहते. धरणात सोडलेला जिताडा भरपूर वाढतो, पण तिथे वीण होत नाही. गैरसमजाचं मूळ बहुधा इथेच असावं: मासा दिसला, की तो तिथलाच!

भटकण्याचं म्हणाल, तर हा दबा धरणारा मासा. बुडालेलं झाड, कांदळाची मुळं, ओहोटीला पाणी ओतणाऱ्या ओहोळाचं तोंड इथे तो टपून बसतो. भक्ष्य जवळ आलं की तोंड झटकन उघडून पाण्यासकट आत ओढतो. तो ‘थप्प’ आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

खरा घोटाळा तिसऱ्या मुद्द्यात आहे. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो, साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी. पुढे, बहुतेक सहा ते आठ वर्षांचा झाल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे हातभर लांबीचा जिताडा बहुधा नर आणि मीटरभराचा जवळजवळ नक्कीच मादी. काम संपलं कसलं? मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त. एकेक मोठी मादी लाखोंनी अंडी सोडते. मोठे वेचून काढले तर मागे उरतात ते नरच, आणि त्यांची मादी व्हायला पुन्हा काही वर्षं जातात.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचा नियम म्हणूनच दुहेरी आहे: भरती-ओहोटीच्या पाण्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान जिताडा मिळाला तर परत सोडायचा आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही.