होपी टोपल्यांचे काम संपलेले नाही

होपी हे अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातले मूलनिवासी लोक. ‘होपींच्या टोपल्या आता केवळ पर्यटकांसाठी विणल्या जातात, घरोघरी प्लास्टिक आल्यावर त्यांचा वापर संपला, आणि रंगीत चपट्या तबकड्या तर भिंतीवर लावण्यासाठीच असतात,’ असा दावा छायाचित्रांसह सर्वत्र फिरत आहे. होपी घरांत प्लास्टिक आले, हे खरे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

वापराचा मुद्दा आधी घेतो. ‘तुतसाया’ ही साधी, बिनरंगी टोपली या छायाचित्रांत सहसा दिसतच नाही. युक्का या लांब, चिवट पानांच्या वनस्पतीची भिजवून मऊ केलेली पाती तिरप्या विणीने चटईसारखी विणतात, ती ओली असतानाच गोल कड्यात दाबून बसवतात आणि कड्याबाहेर आलेली टोके बांधून छाटतात. तापलेल्या वाळूत मका भाजला की वाळूसकट तो तिच्यात ओततात. टोपली हलवली की वाळू विणीतून खाली गळते आणि खरपूस दाणे वर राहतात. आपल्या चाळणीने करावे तेच हे काम आहे.

चपट्या तबकड्यांविषयीचे विधान तर अधिकच चुकीचे आहे. होपींची गावे तीन मेसांवर, म्हणजे सपाट माथ्याच्या पठारांवर आहेत. दुसऱ्या मेसावर गवताच्या जुडीभोवती युक्काच्या पट्टीचे टाके घालत त्या वेटोळ्याने वाढवतात, तर तिसऱ्या मेसावर रॅबिटब्रश या झुडपाच्या रंगवलेल्या काड्या ताण्यांतून ओवतात; दोन्हीकडे हे काम बायकांचे. या तबकड्यांत मक्याचे पीठ ठेवतात, देतात. लग्नात वधूची शुभ्र वस्त्रे वराकडचे पुरुष विणतात, आणि त्यांची परतफेड म्हणून वधूकडच्या बायका पिठासह अशा तबकड्या देतात. वरासाठी विणलेली तबकडी त्याला मृत्यूनंतर परलोकी नेते, अशी श्रद्धा आहे. शरद ऋतूतील नृत्यात बायका तबकड्या हातात धरून तालावर खाली-वर करतात आणि त्यानंतर जमावात टोपल्या व भेटवस्तू फेकल्या जातात, तेव्हा त्या मिळवण्यासाठी पुरुषांची झुंबड उडते.

राहिला विक्रीचा मुद्दा. टोपल्या विकल्या जातात, 19व्या शतकाच्या अखेरीस बाजारी रंगही त्यांच्यात आले, आणि विणणारीला तिच्या कष्टांचे चांगले दाम मिळावे, असेच मला वाटते. पण जी बाई एक तबकडी विकते, तीच भाचीच्या लग्नाची परतफेड जवळ आली की नात्यातल्या बायकांसोबत विणायला बसते, आणि त्या तबकड्या वराच्या घरी जातात.