किझोंबा शिकवताय? मग आधी चालवा

पुण्यामुंबईत किझोंबाचं, म्हणजे आफ्रिकेतल्या अंगोलाच्या जोडीनाचाचं, वर्कशॉप जाहीर झालं की पोस्टर ठरलेलं. अंधार, लाल दिवा, डोळे मिटलेली बाई, तिच्या मानेपाशी तोंड नेलेला पुरुष आणि वर ठळक अक्षरांत 'सेन्शुअल'. मी हा नाच फॉलोअर म्हणून, म्हणजे जोडीतल्या चालवणाऱ्याच्या (लीडच्या) इशाऱ्यावर चालणारी म्हणून, शिकतेय आणि माझं स्पष्ट मत आहे की या पोस्टरांनी किझोंबाचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं वाईट शिकवणाऱ्यांनीही केलेलं नाही. पोस्टर बघून जे येतात ते जवळ यायला येतात. जिला खरंच शिकायचं असतं ती पोस्टर बघूनच घरी बसते.

अंगोलात हा घरातला नाच आहे. सेंबा हा तिथला जुना, चपळ जोडीनाच. १९८०च्या दशकात राजधानी लुआंडात त्यावर झूक या संगीताचा रंग चढला. झूक आलं ग्वादलूप-मार्तिनिक या फ्रेंच कॅरिबियन बेटांवरून, आणि कसाव हा १९७९ साली सुरू झालेला बँड तेव्हा आफ्रिकेतही तुफान गाजत होता. नव्या संगीताचं श्रेय देताना अंगोलाचा गायक एदुआर्दो पाइमचं नाव सगळ्यात आधी घेतात. केप व्हर्डे बेटांचे लोक कोलादेरा हा आपला नाच-गाण्याचा प्रकार पुढे करून वाटा मागतात. त्यांचंही अगदीच चूक नाही. अंगोलात १९७५ ते २००२ यादवी चालली. माणसं लिस्बनला गेली, सोबत नाचही गेला, तिथल्या आफ्रिकन क्लबांत रुजला, मग त्याचे क्लास निघाले आणि युरोपभर पसरले. आपल्याकडे तो पोचला सालसा-बचाटाच्या पाठोपाठ, 'एसबीके'तलं (सालसा, बचाटा, किझोंबा) शेवटचं अक्षर म्हणून. सोशलमध्येही, म्हणजे सगळे जमून नाचतात त्या पार्टीतही, त्याच्या वाट्याला रात्री उशिराची दोन-चार गाणीच येतात, तीही डीजेची मर्जी असली तर.

एकदा मावशीला लुआंडातल्या एका घरगुती समारंभाची क्लिप दाखवली. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या, पोरं मधूनच पळतायत, काका पुतणीबरोबर नाचतोय. मावशी म्हणाली, "अगं, यांच्या आजीबाईपण नाचतायत की!" मग थोडं बघून, "पण हे तर नुसतेच चालतायत." माझ्या मते मावशीला पहिल्या दोन मिनिटांत जे दिसलं ते आपल्या निम्म्या क्लासांना अजून दिसलेलं नाही.

कारण किझोंबा म्हणजे खरोखरच चालणं आहे, आणि म्हणूनच अवघड आहे. सालसात हातांनी बरंच झाकता येतं. इथे सांगणं-ऐकणं सगळं छाती-बरगड्यांच्या टेकण्यातून. लीडने पाऊल टाकायच्या आधी स्वतःचं वजन हलवायचं, पूर्ण, एका पायावरून दुसऱ्यावर. ते हललं की मला कळतं. स्कूटरवर मागे बसलेल्याला वळण आधीच कळतं ना, तसं. वजन दोन्ही पायांवर अर्धं-अर्धं ठेवून जो उभा राहतो तो मला काहीच सांगत नसतो, आणि मग हाताने ओढायला लागतो. गुडघे सैल, पावलं जमिनीलगत, कंबर आपोआप हलते. मुद्दाम हलवली की ओळखू येते. बेसिक वन, टू, थ्री म्हणजे जागेवर, बाजूला, पुढे-मागे. त्यानंतर सायदा, म्हणजे लीडने मला बाजूने चालायची वाट मोकळी करून द्यायची. एवढ्यावर अख्खं गाणं नाचता येतं आणि छान नाचता येतं. ठेका ऐकायचा असेल तर आठ मात्रा धरा आणि जोर ३-३-२ असा मोजा. केरवा कानात मुरलेल्या आपल्या लोकांना हे पटकन सापडायला हवं. सापडत नाही, कारण शिकवणारे मोजायला लावतात, ऐकायला लावत नाहीत.

दुसरं म्हणजे अर्बन किझ. पॅरिसमध्ये २०१०च्या सुमारास वाढलेला हा प्रकार: अंग ताठ, मध्ये जागा, सरळ रेषांत चाल, अचानक थांबणं, वळणं, खाली आरएनबीचे रिमिक्स. मला तो आवडतो, नाचतेही. पण तो शिकवून वर पाटी किझोंबाची लावू नका. लुआंडाच्या माणसाला ते बघून आपलं काही सापडणार नाही.

हे लिहिताना गोवा राहून राहून आठवतो. पोर्तुगीज तिथेही होते आणि अंगोलातही. एकोणिसाव्या शतकात साष्टीच्या ख्रिस्ती घरांत मांडो घडला: बायका आणि पुरुष समोरासमोर दोन रांगांत, बायकांच्या हातात पंखे, नजरा भिडतात पण स्पर्श नाही. तिकडे लुआंडाच्या रेबिटा या जुन्या नाचात जोड्या गोल धरून नाचता नाचता पोटाला पोट टेकवत. सेंबाचं मूळ तिथेच सांगतात. दोन्ही ठिकाणी लग्नसमारंभ, दोन्ही ठिकाणी वडीलधारी समोर बसलेली. जवळ किती यायचं हे तिथल्या सगळ्यांना लहानपणापासून माहीत असतं. आपल्या सोशलमध्ये ते कोणालाच माहीत नसतं, म्हणून ते शिकवावं लागतं, स्टेपच्या आधी.

आणि माझ्या मते ते फॉलोअरने ठरवायचं. मी थोडं अंतर ठेवलं तर तेवढ्यातूनही वजन कळतं, चांगल्या लीडला काही अडत नाही. "किझोंबात असंच असतं, रिलॅक्स कर" म्हणत जो पाठीवरचा हात आवळतो, त्याच्याबरोबर मी गाणं अर्धवट सोडून येते. पहिल्यांदा लाज वाटली, आता वाटत नाही. एका वर्कशॉपमध्ये तर शिकवणाऱ्यानेच हे वाक्य ऐकवलं होतं; तिथे पुन्हा गेले नाही, माझ्याबरोबरच्या दोघीही नाही. नंतर हीच मंडळी विचारतात, किझोंबाला मुली का टिकत नाहीत!

तर कोणाला सुरुवात करायची असेल तर आधी एक ट्रायल क्लास करा. तासभर हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतंच चालवलं, जोडीदार बदलत ठेवले, एकही 'फिगर' (ठरवून बसवलेली स्टेप) दाखवली नाही, तर खुशाल फी भरा. हाय हील्स लागत नाहीत, सपाट बूट चालतात. आणि पुरुषांनो, पिशवीत दोन जास्तीचे टी-शर्ट ठेवा. क्लोज होल्डमध्ये तुमचा घाम हा तुमचा एकट्याचा विषय राहत नाही.