ग्रामोफोनचा व्हायरल संदेश आणि स्पिरिटचा बोळा

माळ्यावरची अडगळ उपसायला बसलेल्या घरांसाठीच लिहिलेला वाटावा, असा एक संदेश सध्या कोल्हापुरातल्या कितीतरी व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे : पितळी कर्णा आणि कुत्र्याचे चित्र असलेला ग्रामोफोन शंभर वर्षांहून जुना असतो आणि त्याचे लाखो रुपये येतात, तबकड्या स्पिरिटने पुसल्या की नव्यासारख्या चमकतात, तबकडीवर टेकणारी एक पिन वर्षभर पुरते, बंद पडलेल्या यंत्रात खोबरेल सोडले की ते चालू होते, आणि गायक अल्लादिया खाँसाहेबांची मूळ तबकडी हाती लागली तर दहा लाख कुठे गेले नाहीत. हा संदेश मला किमान वीस जणांनी ‘खरे का हो?’ असे विचारत पाठवला, कारण चावीचे ग्रामोफोन जमवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा नाद मला बरीच वर्षे आहे. त्यातले ‘जुन्या तबकड्या भंगारात घालू नका’ हे शेवटचे वाक्य मला पूर्णपणे मान्य आहे. उरलेल्यांपैकी काही विधाने नुसतीच चुकीची आहेत, तर काही हातातली वस्तू कायमची घालवणारी आहेत. म्हणून संदेशातला क्रम मोडून दुसऱ्या प्रकारची आधी घेतो.

स्पिरिटचा सल्ला सर्वांत घातक आहे. मिनिटाला 78 फेरे घेणारी जुनी तबकडी प्लास्टिकची नसते; बारीक दगडी भुकटी आणि रंगासाठी काजळी लाखेत मळून ती दाबून काढलेली असते, आणि हे सगळे मिश्रण धरून ठेवण्याचे काम लाख करते. आता लाख कशात विरघळते, हे कोणत्याही सुताराला विचारावे. चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये भिजत घालून फ्रेंच पॉलिश करणे हे त्याच्या रोजच्या कामातले आहे. म्हणजे तबकडीवर स्पिरिटचा बोळा फिरवणे म्हणजे तिच्याच अंगाचे पॉलिश करून ते पुसून काढणे होय. शुक्रवार पेठेतील एक निवृत्त शिक्षक मागच्या महिन्यात अशी एक तबकडी घेऊन आले होते. बोळा काळा होत गेला तसा त्यांना मळ निघतो आहे असे वाटले आणि त्यांनी आणखी जोर लावला. प्रत्यक्षात निघत होती ती तबकडीच. पुसलेल्या बाजूवर उजेड तिरपा पाडला तेव्हा चरे, म्हणजे पिन ज्यांतून फिरते त्या बारीक खाचा, बुजल्यासारखे दिसत होते, आणि वाजवल्यावर गाण्याच्या जागी भजी तळल्यासारखा आवाज तेवढा आला. सुदैवाने बाटली संपल्यामुळे दुसरी बाजू पुसायची राहिली होती. ती नव्या पिनेवर पूर्ण तीन मिनिटे वाजली आणि मास्तर खुर्चीत न बसता उभ्यानेच ती ऐकत राहिले.

हा सल्ला बहुधा एलपी रेकॉर्डच्या निगेवरून उचललेला असावा, कारण एलपी व्हिनाइल या प्लास्टिकची असते आणि ती स्वच्छ करण्याच्या द्रावणांत अल्कोहोल असू शकते. लाखेच्या तबकडीला मात्र साधे गार पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ ब्रश एवढे पुरते. ब्रश चऱ्यांच्या दिशेने गोल फिरवावा, मधले कागदी लेबल कोरडे राहील असे पाहावे आणि नंतर तबकडी सावलीत उभी करून वाळवावी. गरम पाणी किंवा ऊन लागले तर ती पापडासारखी वाकते.

‘एक पिन वर्षभर’ हे विधान ऐकायला काटकसरीचे वाटते. तबकडीतली दगडी भुकटी कशासाठी असते हे पाहिले म्हणजे त्यातली चूक उमगते. साउंडबॉक्स (पिन बसवलेली, आवाज काढणारी डबी) आणि टोनआर्म (तिला धरणारी नळी) मिळून पिनेवर शंभर ग्रॅमहून अधिक भार येतो. तो पेलावा म्हणून तबकडी कठीण हवी, आणि पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांत घासून चऱ्याच्या आकाराची व्हावी म्हणून ती खरखरीतही हवी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूचा चरा सरळ उलगडला तर तो शंभर मीटरहून लांब भरेल. एवढे अंतर घासत गेलेली पिन भिंगाखाली धरली तर टोकाला पैलू पाडल्यासारखी सपाटी दिसते, आणि तिच्या कडा पटाशीसारख्या धारदार झालेल्या असतात. तीच पिन दुसऱ्या बाजूवर ठेवली की ती गाणे वाजवत नाही, तासते. म्हणूनच पिना दोनशेच्या डबीत विकल्या जात आणि एका बाजूला एक पिन हा नियम होता. चावीच्या यंत्रावर एलपी चुकूनही लावू नये, हे याच ओघात सांगून ठेवतो; ती पहिल्याच खेपेला खराब होते.

खोबरेलाबद्दल फार लिहायला नको. आपल्याकडे डिसेंबरात बाटलीतले खोबरेल थिजते, तसेच ते यंत्रातही थिजते आणि पुढे चिकट होऊन धूळ धरते. गव्हर्नरला, म्हणजे फिरण्याचा वेग एकसारखा ठेवणाऱ्या भागाला, आणि बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पुरतो. मुख्य स्प्रिंगला मात्र तेल नव्हे, ग्राफाइटचे ग्रीस लागते. जुने ग्रीस वाळून घट्ट झाले की स्प्रिंग अडखळत सुटते आणि यंत्र गचके देते. तरीही स्प्रिंगचा डबा घरी उघडू नये. गुंडाळलेली पोलादी पट्टी सुटली तर हात फाडते, आणि उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेले माझे एक स्नेहीसुद्धा जाड हातमोजे घातल्याशिवाय तिला शिवत नाहीत.

आता कुत्रा आणि कर्णा. कुत्र्याचे चित्र हा वयाचा दाखला नाही. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले 1902 साली, आणि त्या पहिल्या काळातील तबकड्यांवर कुत्रा नव्हे, तर लेखणी घेऊन बसलेला देवदूत असे. उलट एचएमव्हीचा कुत्रा आपण कॅसेटवरही पाहिलेला आहे. पितळी कर्ण्याचे म्हणाल, तर आज दिवाणखान्यांत दिसणारी बरीचशी चकचकीत यंत्रे अलीकडे जोडलेली असतात : मोटर एखाद्या मोडीत निघालेल्या पोर्टेबल पेटीतली, लाकडी खोके नवे आणि कुत्र्याची पितळी पट्टीही नवी. राजारामपुरीतील एका घरी ‘1910 चे’ म्हणून मोठ्या कौतुकाने दाखवलेल्या यंत्राची ती पट्टी फुलीच्या खाचेच्या स्क्रूंनी बसवलेली होती, आणि असे स्क्रू 1930 च्या दशकात प्रथम बाजारात आले. मी ते बोललो नाही. चहा चांगला होता.

राहता राहिले खाँसाहेब. शाहू महाराजांच्या दरबारी गायकाची तबकडी कोल्हापुरातच कुठल्या तरी माळ्यावर असेल, ही कल्पना मोहाची आहे आणि म्हणूनच ती इथे एवढी पसरली. पण 1946 साली निधन पावलेल्या अल्लादिया खाँसाहेबांनी आपला आवाज ध्वनिमुद्रित होऊ दिला नाही, त्यामुळे न निघालेल्या तबकडीला दहा लाख देणारा गिऱ्हाईकही काल्पनिकच म्हणायचा. त्यांची गायकी तबकडीवर ऐकायची तर ती केसरबाई केरकरांकडून आणि शिष्यपरंपरेतील इतरांकडून. अशी तबकडी अडगळीत निघालीच, तर आधी तडा आहे का ते पाहावे, कागदी पाकिटात घालून ती उभी ठेवावी, आणि किंमत विचारण्याआधी नवी पिन लावून एकदा ऐकावी.