आधी कोण आलं ते सोडा, सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघा

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परत एकदा आर्य बाहेरून आले की इथलेच यावर दोन दिवस रणधुमाळी झाली, हरियाणातल्या राखीगढीला सापडलेल्या हडप्पाकालीन सांगाड्याच्या डीएनएपासून सुरू होऊन गाडी एकमेकांच्या आडनावांवर घसरली, आणि मग एका मित्राने मला टॅग करून विचारलं की तुझ्या ऑस्ट्रेलियात तर सगळेच बाहेरचे, तिथे यावर काय भांडतात? उत्तर ग्रुपवर मावणारं नव्हतं म्हणून इथे लिहितोय.

पहिलं म्हणजे "सगळेच बाहेरचे" हे चूक आहे मित्रा. उत्तरेला माजेदबेबे नावाची एक कातळकपार आहे, तिथल्या उत्खननातून माणसाच्या वस्तीचा काळ सुमारे 65,000 वर्षं मागे नेला गेलाय. व्हिक्टोरिया राज्यात बज बिमला गुंडितजमारा या मूळ रहिवाशांनी लाव्हाच्या दगडांतून चर आणि बांध घालून ईल मासे पाळण्याची व्यवस्था केली होती, तिचा सगळ्यात जुना भाग 6,600 वर्षांचा धरतात, 2019 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. म्हणजे मोहेंजोदडोच्या विटा भाजायच्या कितीतरी आधी इथे पाणी अडवून माशांची शेती चालली होती. आपल्या पुस्तकात यातलं एक अक्षर नव्हतं, "कॅप्टन कुकने शोध लावला" एवढंच.

आणि कुकचं काय, 1768 मध्ये निघताना त्याला ज्या गुप्त सूचना दिल्या होत्या त्यात स्पष्ट लिहिलं होतं की तिथल्या लोकांच्या संमतीने जागा ताब्यात घ्या, मुलूख निर्मनुष्य असेल तरच सरळ घ्या. एप्रिल 1770 मध्ये बॉटनी बेला उतरताना दोन माणसं भाले घेऊन त्याला अडवायला किनाऱ्यावर उभी राहिली होती, म्हणजे माणसं आहेत हे त्याने स्वतः बघितलं, तरी 22 ऑगस्टला एका बेटावर झेंडा लावून अख्खा पूर्व किनारा राजाच्या नावावर केला. कुणाला विचारलं नाही. पुढे अमेरिका हातची गेल्यावर इंग्लंडला कैदी पाठवायला जागा उरली नाही, मग 11 जहाजं भरून 1788 मध्ये सिडनी वसवलं, 26 जानेवारीला. त्याच सुमारास पुण्यात नाना फडणवीस कारभार बघत होते, एवढी अलीकडची गोष्ट आहे ही. पुढच्याच वर्षी देवीची साथ आली, वसाहतीचा गव्हर्नर फिलिप याच्याच अंदाजाने आसपासचे निम्मे मूळ रहिवासी गेले.

आता आपल्या जवळचं सांगतो. सिडनीतला कुठलाही मराठी माणूस वाणसामान, मिठाई, डोसा यासाठी हॅरिस पार्कला जातोच, लिटल इंडियाच आहे ते. तिथेच रुझ स्ट्रीट आहे. जेम्स रुझ हा कॉर्नवॉलचा कैदी, त्याला 1789 मध्ये तिथे जमीन कसायला दिली, त्याने पोटापुरतं पिकवून दाखवलं आणि मग त्या 30 एकरांचा कागद त्याच्या नावावर झाला, वसाहतीतला जमिनीचा पहिला कागद तो. पुढे त्याने ती जॉन हॅरिस या सर्जनला विकली, म्हणून हॅरिस पार्क. जमीन मुळात बुरामट्टागल लोकांची होती, त्यांची कुठे सहीही नाही. आज आपण इथे घर घेतो, कर्ज काढतो, त्या व्यवहाराची साखळी मागे मागे गेली तर अशाच कुठल्यातरी कागदाशी जाऊन थांबते. त्यामुळे "आम्ही तर 2000 नंतर आलो, आमचा काय संबंध" हे आपल्या मंडळींचं वाक्य मला पटत नाही. नागरिकत्व घेतलं, घर घेतलं, मग संबंध आलाच ना.

हे कागदच इथल्या भांडणाच्या मुळाशी आहेत. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचा मूळ रहिवासी एडी माबो कोर्टात गेला, आमच्या बागांच्या हद्दी बापजाद्यांपासून ठरलेल्या आहेत म्हणाला, आणि जून 1992 मध्ये हायकोर्टाने (इथलं सर्वोच्च न्यायालय तेच) मान्य केलं की हा देश कायद्याने रिकामा कधीच नव्हता. निकाल ऐकायला माबो नव्हता, जानेवारीतच गेला बिचारा. पण 2002 मध्ये योर्टा योर्टा हे मूळ रहिवासी आपल्या जमिनीचा दावा त्याच कोर्टात हरले, का तर परंपरा अखंड चालू राहिल्याचं सिद्ध झालं नाही. ज्यांना हुसकावून लावलं त्यांच्याकडेच अखंडपणाचा पुरावा मागायचा, याचा मला अजूनही संताप येतो.

आणि इथेच मला घरची आठवण येते. इंग्रजांनी 1878 च्या वन कायद्याने आपल्याकडेही हेच केलं, कागद नाही म्हणजे जंगल सरकारचं. वारली, कातकरी, गोंड आपल्याच रानात अतिक्रमण करणारे ठरले, आणि स्वातंत्र्यानंतरही आपण ते तसंच चालू ठेवलं. 2006 चा वनहक्क कायदा तर स्वतःच ऐतिहासिक अन्याय असे शब्द वापरतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, "आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव ते. हे खूप मोठं काम आहे आणि ग्रुपवर त्याबद्दल आजवर कुणी एक ओळ टाकली नाही, राखीगढीवर मात्र शेकडो मेसेज.

पण इतिहासाशी कसं वागावं ते ऑस्ट्रेलियाकडून शिकावं असंही मी म्हणणार नाही. इथे शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात आधी इथल्या मूळ रहिवासी दारुग लोकांच्या भूमीचा आदराने उल्लेख होतो, माझी मुलगी तो तोंडपाठ म्हणते, मला ते मनापासून आवडतं, आपल्याकडे पालघरच्या एखाद्या सरकारी सोहळ्यात वारल्यांचा असा उल्लेख झालेला मी तरी ऐकला नाही. पण 2023 मध्ये मूळ रहिवाशांचं, संसदेला सल्ला देणारं एक मंडळ संविधानात घालायचं का यावर सार्वमत झालं तर 60 टक्के लोकांनी नाही म्हटलं, सहाच्या सहा राज्यांत पडलं. मी हो म्हणून मत दिलं होतं. आपल्यातल्याच बऱ्याच जणांनी नाही म्हणून दिलं, आणि कारण तेच, जुनं कशाला उकरायचं. हेच लोक घरच्या ग्रुपवर चार हजार वर्षांपूर्वीचं उकरत असतात.

येत्या 26 जानेवारीला आमच्या इथल्या मराठी मंडळाचं झेंडावंदन आहे, आणि सिडनी वसवल्याचा दिवसही तोच, म्हणून त्याच दिवशी शहरात मूळ रहिवाशांचा मोर्चाही असतो. मी कमिटीला लिहिलंय की आपला कार्यक्रम सकाळी लवकर उरकू आणि ज्यांना यायचंय त्यांनी तिथून थेट मोर्चाला जाऊ. दोघांनी हो म्हटलंय, बाकीच्यांशी बोलणं चालू आहे.